सीटखालच्या तारा

अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला टेकलेल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात गाड्यांच्या नाकातून वायर लोंबताना दिसते. पुढच्या जाळीतून बाहेर आलेली हातभर वायर आणि तिच्या टोकाला घरगुती तीन पिनांचा प्लग. रात्री गाडी लावली की मालक हा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतो आणि इंजिनात बसवलेला छोटासा हीटर रात्रभर कूलंट कोमट ठेवतो. यात हौसेचा भाग काही नाही. याच राज्यातल्या टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. रोज तसं होत नाही, पण उणे वीसची पहाट तिथे कुणी बातमीत धरत नाही.

इंजिनाची अशी बडदास्त राहते. माणसाची मात्र पंचाईत होते. गाडीतला हीटर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. म्हणजे आधी इंजिन तापणार, मग कूलंट, मग डॅशबोर्डमागचा हीटरचा कोअर, मग केबिनमधली हवा आणि सगळ्यांत शेवटी चालक. जुन्या पिकअपमध्ये या रांगेत माणसाचा नंबर लागेपर्यंत बरेचदा कामाचं ठिकाण येतं. विजेवर तापणारी सीट ही रांगच मोडते. ती हवेच्या भानगडीत पडत नाही, पाठीला आणि मांड्यांना थेट ऊब देते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत देते. त्यासाठी लागते साधारण ८० वॉट वीज, छताच्या जुन्या पंख्याला लागते तेवढी. विजेवरच्या मोटारी आल्यावर त्यांचे कारखानदारही हाच सल्ला देऊ लागले: थंडीत केबिनची हवा तापवण्यापेक्षा सीट तापवा, बॅटरी जास्त पुरेल.

नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला हे सगळं थट्टेसारखं वाटेल. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची सीट तापवायला तिथे वीज लागत नाही. आपल्याकडे ग्राहक पैसे मोजतो ते हवा खेळवणाऱ्या, म्हणजे व्हेंटिलेटेड सीटसाठी. पण गादीत तापणारी चटई असो की पंखा, बॅटरीपासून सीटपर्यंत वीज आणण्याचा धडा एकच आहे. आणि तो शिकायला जुन्या अमेरिकी पिकअपइतकी मोकळीढाकळी शाळा दुसरी नाही.

तापणारी सीट गाडीत आली ती श्रीमंतांच्या दारातून. १९६६ साली कॅडिलॅकने ती ज्यादा पैसे देऊन घेण्याची सोय म्हणून दिली. गादीत कार्बन मिसळलेल्या कापडाची चटई होती. स्वीडनच्या साबने १९७२ मध्ये चालकाची सीट सरसकट तापणारी केली. स्वीडिश माणसाने तिला चैन मानलं नसणार. पिकअपवाल्यांना मात्र फार वाट पाहावी लागली, कारण पिकअप हे कामाचं जनावर समजलं जाई: रबराची फरशी, एकसंध बाकासारखी सीट, ती पुढे-मागे सरकवायला खाली एक लोखंडी दांडी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चित्र पालटलं. शेतकरी आणि बिल्डर आपल्या पिकअपमध्ये चामड्याच्या सीटा मागू लागले. २००१ मध्ये फोर्डने टेक्ससमधल्या प्रसिद्ध किंग रँचचं नाव घेऊन खोगिरासारखं चामडं लावलेली एफ-१५० काढली. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडोतही महागड्या प्रकारात पॉवर सीट, हीटर असा सगळा सरंजाम मिळू लागला.

आपल्याला हवी ती गोष्ट इथेच जमून येते. १९९९ च्या मॉडेलपासून सिल्व्हराडोची जी पिढी सुरू झाली, ती थोड्याफार फरकाने २००७ पर्यंत बनत राहिली. त्यातली बरीचशी वाहनं साध्या सीटांची आणि काही शाही सीटांची. सांगाडा तोच, फरशी तीच, म्हणून शाही सीट साध्या गाडीत बसते. शाही गाडी कुठेतरी आपटते, भंगारात जाते, तिच्या सीटा मात्र शाबूत असतात. अमेरिकेत असे मोठाले भंगार-वाडे आहेत, जिथे फाटकाशी थोडी फी भरून आपले पाने घेऊन आत शिरायचं आणि हवा तो भाग स्वतः खोलून आणायचा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दुकानदार माल काढून ठेवतो. या वाड्यांत ओणवं होऊन आपणच काढायचा. जाणकार माणूस सीट काढताना तिच्याखालचा कनेक्टर तर आणतोच, पण फरशीच्या बाजूचा त्याचा जोडीदारही वीतभर वायर ठेवून कापून आणतो. तो जोडीदार सुटा विकत घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात.

सीट घरी आली की ती अंगणात उलटी करून आधी नीट बघावी. सहा दिशांना हलणाऱ्या पॉवर सीटच्या पोटात तीन मोटारी असतात. एक पुढे-मागे नेते, एक गादीची पुढची कड वर-खाली करते, एक मागची. तीन मोटारी, प्रत्येकीच्या दोन दिशा, झाल्या सहा. पाठ कलती करायला चौथी मोटर असली की आठ. मोटारी लहानशा, वाटीएवढ्या. त्यांच्याकडून निघालेल्या लवचीक केबली दोन्हीकडच्या रुळांवरच्या गिअरपेटीत शिरतात. तिथे बहुधा वर्म गिअर असतो, आणि त्याचा गुण असा की मोटर चाकाला फिरवू शकते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. म्हणूनच करकचून ब्रेक दाबला तरी सीट पुढे घसरत नाही. वेगळा खटका लागतच नाही.

या मोटारींना फक्त दोन तारा असतात आणि त्यांच्यावरच सगळी गंमत आहे. एका तारेला बॅटरीचा प्लस आणि दुसरीला मायनस दिला की मोटर एका बाजूला फिरते. अदलाबदल केली की उलटी. सीटच्या कडेला असलेला स्विच हेच करतो, पण एक खुबी राखून. स्विचला कुणी हात लावलेला नसतो तेव्हा मोटरच्या दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या असतात. बटण पुढे ढकललं की त्यांतली एकच तार अर्थवरून उचलली जाऊन प्लसला लागते. मागे ओढलं की ती खाली उतरते आणि दुसरी वर चढते. बोट काढताक्षणी दोन्ही पुन्हा अर्थवर, म्हणजे मोटर आपल्याच वेगाने वीज तयार करून ती स्वतःवरच उलटवते आणि जागच्या जागी थांबते. घरंगळत राहत नाही. पॉवर खिडकीचा स्विचही याच मापाचा असतो.

म्हणजे सीटच्या स्विचपर्यंत आपल्याला पोचवायचं काय? एक जाड जिवंत तार आणि तितकीच जाड अर्थची तार. बस्स. बाकीचं जाळं सीटच्या आत आधीच विणलेलं आहे. सीट अंगणात असतानाच वेगळ्या बॅटरीला या दोन तारा लावून तिला साऱ्या दिशांनी एकदा फिरवून पाहावी. भंगारातल्या सीटचा एखादा रूळ गंजून धरलेला असेल तर ते गाडीत बसवण्याआधी कळलेलं बरं.

आता एक गोष्ट विजेआधीची. सीटच्या कनेक्टरांमध्ये पिवळा दिसला तर तो वेगळा ओळखावा. पिवळा रंग बहुतेक गाड्यांत एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचा. तो कनेक्टर सोडवण्यापूर्वी बॅटरीची मायनस तार काढायची आणि काही मिनिटं थांबायचं, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून तिच्या पेटीत कपॅसिटर वीज साठवून बसलेला असतो. पिवळ्या तारेवर मीटर लावून ओहम मोजण्याचा मोह तर कधीच नको. पुढच्या काळातल्या पिकअपमध्ये आणखी एक अडसर आला. अमेरिकी नियमांनी २००३ ते २००६ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने अशी एअरबॅग सक्तीची केली, जी शेजारी मूल बसलंय की मोठा माणूस हे ओळखते. अनेक गाड्यांत ते ओळखणारा सेन्सर प्रवाशाच्या गादीतच असतो आणि त्या विशिष्ट गादीशी जुळवलेला असतो. अशा गादीवर तापणारी चटई पसरणं किंवा ती गादी बदलणं म्हणजे त्या सेन्सरचा तोल घालवणं. तिथे हात आवरावा, फक्त चालकाची सीट गरम करून समाधान मानावं. त्याआधीच्या पिकअपमध्ये हा प्रश्न नाही.

आणि बोल्ट. सीट फरशीला धरणारे चार बोल्ट कुणाला महत्त्वाचे वाटत नाहीत. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानकांतलं २०७ क्रमांकाचं मानक सांगतं की सीटच्या बैठकीने सीटच्या वजनाच्या वीसपट जोर सहन केला पाहिजे. सिल्व्हराडोच्या या पिढीत तर कित्येक सीटांमध्ये सीटबेल्टही खांबावर नसून सीटच्याच पाठीत बसवलेला असतो. म्हणजे अपघातात चालकाच्या देहाचा सगळा हिसका त्या चार बोल्टांवर. ते मूळचेच हवेत, आणि कारखान्याने सांगितलेल्या ताकदीने टॉर्क पान्याने आवळलेले हवेत. दुसऱ्याच जातीच्या गाडीची सीट स्वतः पट्ट्या वेल्ड करून बसवणारे महाभाग जगात सगळीकडे भेटतात. त्यांच्या गाडीत मी बसणार नाही.

आता वीज कुठून घ्यायची? सगळ्यांत सोपा मार्ग समोरच दिसतो: कार्पेटखालून रेडिओची किंवा सिगारेट-लायटरची एखादी जिवंत तार जातेच, तिला टोचा मारून आपली तार काढायची. जवळजवळ सगळे बिघाड इथून सुरू होतात. लायटरची तार लायटरपुरती जाड असते. सीटची मोटर चालताना काही अँपिअर घेते, पण रूळ संपल्यावरही कुणी बटण दाबून धरलं तर फिरायला जागा नसलेली ती मोटर अनेक पटींनी जास्त, अगदी २०-३० अँपिअरपर्यंत खेचू शकते.

म्हणून वीज घ्यायची ती थेट बॅटरीवरून किंवा मुख्य फ्यूजबॉक्सच्या राखीव खाचेतून. शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स, तिच्या जुन्या वाहनांत रंगांची शिस्त बरीच पाळलेली असते. नारिंगी तार म्हणजे बॅटरीचा कायम जिवंत करंट, गुलाबी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थ. वायरिंगचे गट्ठे कारखान्यात मोजक्याच प्रकारांत बनतात, त्यामुळे साध्या सीटच्या गाडीतही कार्पेट उचललं की नारिंगी तारेचं टोक आयतं सापडण्याची शक्यता असते. तिच्यावर लगेच विश्वास मात्र टाकू नये. टेस्ट लॅम्पने पाहावं, फ्यूजबॉक्समध्ये तिची खाच भरलेली आहे का ते बघावं. आणि हा रंगांचा पाठ विजेवरच्या नव्या मोटारींना लावायचा नाही. तिथे नारिंगी म्हणजे शेकडो व्होल्ट, जिवाशी गाठ.

तार किती जाड? आपला वायरमन 'अडीच स्क्वेअर', 'चार स्क्वेअर' या भाषेत बोलतो; अमेरिकेत गेज नावाची उलटी मोजपट्टी आहे, आकडा लहान तितकी तार जाड. त्यांची दहा गेज तार म्हणजे आपली सव्वापाच चौरस मिलिमीटर. समजा बॅटरीपासून सीटपर्यंत चार मीटर तार लागली आणि मोटर अडखळून ३० अँपिअर खेचतेय. दहा गेजच्या तारेत वाटेत सुमारे ०.४ व्होल्ट गळतील. अडीच स्क्वेअर वापरली तर ०.८ च्या वर. घरच्या २३० व्होल्टमध्ये एवढी गळती कुणाच्या लक्षातही येणार नाही. १२ व्होल्टमध्ये ती सातेक टक्के झाली, परतीच्या वाटेवरची वेगळीच. शिवाय गळलेले व्होल्ट हवेत विरत नाहीत, तारेला तापवतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणूस बेफिकीर होतो, पण गाडी पेटते ती व्होल्टमुळे नव्हे, अँपिअरमुळे.

इथे फ्यूजबद्दलचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज सीटला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. तार कुठे दाराच्या कडेला घासली, साल निघालं आणि तांबं गाडीच्या पत्र्याला टेकलं, तर तिथून पुढे सीटच नाही. बॅटरी आपली सगळी ताकद त्या तारेतून ओतते आणि तार लाल होते. हे थांबवायचं तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्याला वाली कुणी नसतो. सीटजवळ नीटनेटका फ्यूज बसवून बॅटरीपर्यंतची चार मीटर तार उघडी ठेवणारी कामं देखणी असतात आणि घातक असतात. इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये शिरताना मधल्या लोखंडी भिंतीला भोक असतं, त्यात रबराचा ग्रोमेट हवाच. भोकाची कड पत्र्याची असते आणि गाडी वर्षानुवर्षं थरथरते.

मोटारींच्या वाटेवर कारखाने फ्यूजऐवजी बहुधा ३० अँपिअरचा सर्किट ब्रेकर लावतात. त्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. ती तापून वाकते आणि संपर्क तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. मोटरला हे शोभतं, कारण रूळ संपल्यावर बटण दाबून धरणं हा गुन्हा नाही, मुलं तेच करतात, आणि दर वेळी फ्यूज बदलत बसणं परवडणार नाही. तापणाऱ्या चटईला मात्र असा आपोआप जुळणारा ब्रेकर लावू नये. तिथे बिघाड झाला तर तो पुन्हा-पुन्हा जिवंत होता कामा नये. तिला साधा फ्यूज. एकदा गेला की गेला, आता कारण शोधा.

जोड कसे द्यायचे यावर मेकॅनिकांत हाणामारीची वेळ येते. सोल्डर केलं की पक्कं, असं अनेकांना वाटतं. सोल्डर तारेच्या बारीक केसांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे तार एकदम ताठ होते. गाडी थरथरते आणि तार नेमकी तिथे तुटते. योग्य मापाच्या पकडीने दाबलेला लग किंवा स्लीव्ह, वर गरम केल्यावर आवळणारी नळी, हा मार्ग गाडीत टिकतो. घरगुती वायरही इथे नको. इंजिनशेजारून जाणाऱ्या तारेचं साधं पीव्हीसी मऊ पडतं. क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचं वेष्टण १२५ अंशांपर्यंत दम धरतं.

प्लसकडे लोक निदान लक्ष तरी देतात. अर्थकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि जुन्या पिकअपमधले निम्मे विजेचे आजार तिथलेच असतात. कारचं बहुतेक अंग एकाच पत्र्याचं असतं. पिकअप तशी नसते. तिची केबिन वेगळी, खालची चासी वेगळी, आणि दोहोंच्या मध्ये रबराच्या गाद्या, धक्के बसू नयेत म्हणून. रबर वीज वाहत नाही. म्हणजे केबिन विजेच्या हिशेबाने अधांतरीच असते, जोवर विणलेल्या तांब्याची एक पट्टी तिला इंजिन किंवा चासीशी जोडत नाही. मिनेसोटात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ पसरतात. वीस हिवाळे ते मीठ खाल्ल्यावर ती पट्टी बोट लावताच भुगा होते. वरून सगळं ठीक दिसतं, दिवे लागतात, रेडिओ वाजतो. कारण थोडासा करंट कुठूनही वाट काढतो, कधी एखाद्या केबलच्या वेष्टणातून, कधी दुसऱ्याच तारेतून. पण सीटने वीस अँपिअर मागितले की ही चोरवाट पुरत नाही. मग सीट रडतखडत सरकते, तिच्याबरोबर डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, आणि मालक मोटर बदलतो. मोटर चांगली असते.

त्यामुळे नवं वायरिंग करण्याआधी ती पट्टी बदलावी, अजून एक जोडली तरी बिघडत नाही. सीटची अर्थ फरशीच्या बोल्टला लावायची तर लगखालचा रंग घासून धातू चकाकेपर्यंत काढायचा, दातेरी वॉशर घालायचा, आवळायचं, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग, पुन्हा गंज धरू नये म्हणून. जिवंत तार जेवढी जाड तेवढीच अर्थची. पुढे जाणारा करंट आणि परत येणारा करंट सारखाच असतो, हे पुस्तकात सगळ्यांना पाठ असतं.

आता उबेचं काम. शाही सीट मिळाली तर चटई आतच असते. नाही मिळाली तर बाजारात संच मिळतात: एका सीटला दोन चटया, एक बैठकीला आणि एक पाठीला, वायरिंग, एक रिले आणि दोन पायऱ्यांचा स्विच. चटया दोन जातींच्या. एकीत बारीक रोधक तार नागमोडी शिवलेली असते, ती कापता येत नाही; दुसरीत कार्बनचे धागे असतात, ती दिलेल्या खुणेपर्यंत छाटता येते.

अनेक स्वस्त संचांतल्या स्विचच्या दोन पायऱ्यांमागे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा एक सुंदर उपयोग दडलेला असतो. समजा प्रत्येक चटईचा रोध ३.६ ओहम आहे. 'जास्त'वर दोन्ही चटया समांतर जोडल्या जातात, प्रत्येकीला पुरे १२ व्होल्ट मिळतात, प्रत्येकी ४० वॉट, मिळून ८०, आणि करंट ६.७ अँपिअर. 'कमी'वर त्याच दोन चटया एकापाठोपाठ, एकसरीत जोडल्या जातात. आता प्रत्येकीच्या वाट्याला सहाच व्होल्ट येतात, रोध ७.२ ओहम होतो, करंट १.७ अँपिअरपर्यंत उतरतो आणि एकूण शक्ती २० वॉट, बरोबर चौथा हिस्सा. एकही वॉट जाळून वाया घालवावा लागत नाही, नियंत्रक लागत नाही, फक्त तारांची मांडणी बदलते. इंजिन चालू असताना व्होल्टेज १२ नसून १४ च्या घरात असतं, म्हणून प्रत्यक्षातली ऊब या हिशेबाच्या तिसऱ्या हिश्शाने जास्त निघते. फ्यूज त्या हिशेबाने, दहा अँपिअरचा.

एवढा करंट डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेत नाहीत, म्हणून रिले. जगभर चालणाऱ्या त्या चौकोनी डबीवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, मूळ जर्मन मानकातले. ३० ला बॅटरीकडून येणारी जाड तार, ८७ वरून चटईकडे. ८५ आणि ८६ या आतल्या कॉइलच्या दोन बाजू. त्यांतून पाव अँपिअरसुद्धा जात नाही, पण तेवढ्यावर लोखंडी जीभ खेचली जाऊन ३० आणि ८७ जुळतात. कॉइलला करंट द्यायचा तो गुलाबी तारेवरून, किल्ली फिरवल्यावरच येणारा. सीट सरकवण्याची वीज कायम जिवंत चालते, कारण माणूस दार उघडून आधी सीट मागे घेतो, मग बसतो. चटईची मात्र किल्लीला बांधलेलीच हवी. सात अँपिअरची चटई रात्रभर चालू राहिली तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी उजाडेपर्यंत रिकामी, आणि तीही अशा थंडीत, जेव्हा भरलेल्या बॅटरीचंही बळ निम्म्यावर आलेलं असतं.

सीटचं कव्हर गादीच्या खाचांमध्ये लोखंडी कड्यांनी ओढून बांधलेलं असतं. कडी कापून कव्हर सोलायचं, चटई गादीवर चिकटवायची आणि नव्या कड्या खास पकडीने मारायच्या. कव्हर जिथे खोल खाचेत ओढलं जातं, तिथे चटईची तार मुडपणार नाही अशी ती बसवायची. कव्हर चढवण्यापूर्वी ओहममीटर लावून रोध पाहून ठेवायचा, चढवल्यावर पुन्हा पाहायचा. आणि नंतर आयुष्यभर त्या सीटवर गुडघा टेकून मागचं सामान काढायचं नाही. शिवलेली तार गुडघ्याखाली तुटते, अर्धवट तुटलेल्या जागी ठिणगी पडू लागते, आणि कव्हरवर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसतो.

ऊब किती असावी याचं उत्तर कातडीने फार आधी दिलेलं आहे. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी भाजण्याचं तापमान आणि वेळ यांचं नातं मोजलं. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात, हे कुणालाही पटेल. पण ४४ अंशांनाही सहा तासांत कातडी भाजते. ४४ अंश म्हणजे चटका नव्हे, सुखद गरम. लांबच्या प्रवासात सहा तास एका जागी बसणं अमेरिकेत नवलाचं नाही. निरोगी माणूस चुळबुळतो, बटण बंद करतो. मधुमेहाने किंवा मणक्याच्या दुखापतीने ज्याची खालची संवेदना गेली आहे त्याला काहीच कळत नाही, आणि अशा लोकांना गाडीच्या सीटने खरोखर भाजलेलं आहे. म्हणून चटईत थर्मिस्टर हवा. तापमान वाढलं की त्याचा रोध बदलतो आणि नियंत्रक वीज तोडतो. ज्या संचात तापमान बघणारं काहीच नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. संवेदनाशून्य चटईपेक्षा घोंगडी बरी.

शाही सीट आयती मिळाली तरी तिचा हीटर लगेच चालेलच असं नाही. या पिढीच्या नंतरच्या वर्षांत जनरल मोटर्सच्या वाहनांत निरोपांची एक तार फिरू लागली, सेकंदाला सुमारे १०,४०० बिट वाहणारी. दारावरचं हीटरचं बटण दाबलं की तिथून सीटला वीज जात नाही, निरोप जातो. साध्या गाडीच्या दाराला तो निरोप पाठवता येत नाही, मग सीट ढिम्म. बहुतेक जण सीटखालचा, निरोप वाचणारा मेंदू बाजूला काढून चटईच्या दोन तारा आणि थर्मिस्टर आपल्या नियंत्रकाला जोडतात. अजून ते करता येतं. नव्या गाड्यांत मात्र ऊब चिपच्या हाती गेली: २०२१ च्या अखेरीस चिप मिळेनात म्हणून जनरल मोटर्सलाच आपल्या अनेक नव्या मॉडेलांतून तापणाऱ्या सीटा काढून टाकाव्या लागल्या. पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यूने काही देशांत आधीच बसवलेली चटई चालू करायला महिन्याचं भाडं आकारून पाहिलं. ग्राहक चिडले आणि २०२३ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. वीस वर्षांपूर्वीच्या पिकअपच्या मालकाने ही बातमी कशी वाचली असेल, हे सांगायला नको.

सगळं जोडून झालं की कार्पेट बसवायची घाई करू नये. सीट एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वर, खाली नेऊन खालची वायर कुठे ताणते किंवा रुळात सापडते का ते टॉर्च घेऊन पाहावं. इंजिन, हेडलाइट, पंखा, दोन्ही चटया असं सगळं एकदम चालू करून वीस मिनिटं थांबावं आणि फ्यूजच्या होल्डरला बोट लावावं. तो कोमट लागला तर चालेल, बोट ठेववत नसेल तर आत संपर्क सैल आहे. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी सीटच्या अर्थला, आणि कुणाला तरी सीट वर उचलायला सांगायचं. मोटर जोर करत असताना मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थचा बोल्ट पुन्हा खोलायचा.